पान्यानं नेलेला टेम्पो

ते प्रकरण आजही डोळ्यांसमोर लख्ख उभं राहतं, आणि त्यात सगळ्यांत आधी दिसते ती मीच. कडक इस्त्रीची खाकी, काखेत छडी, डोळ्यांवर गॉगल, आणि डोक्यात अशी हवा की वसई तालुक्यात आपल्याइतकं हुशार माणूस आजवर आलंच नाही. नातवंडं तो जुना फोटो बघून विचारतात, "आजी, ही कोण?" मी सांगते, "होती एक आगाऊ बाई. माझी चांगली ओळख होती तिच्याशी."

तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता. आम्ही ठाणे ग्रामीणमध्ये मोडायचो. मी साताऱ्याकडची. फौजदार म्हणून वसईत बदली होऊन आले, तेव्हा आमच्या ठाण्यात बाई अधिकारी मी एकटीच होते. त्यामुळे कोणी काही बोलायच्या आत आपण दोन शब्द जास्त बोलून ठेवायचे, अशी माझी पद्धत होती. ही माणसं अजून तिथे नांदताहेत, म्हणून नावं कोणाचीच सांगणार नाही.

एका दुपारी पापडीची एक बाई ठाण्यात आली. नऊवारीत नाही, साध्या गोल साडीत. पण पदर खोचलेला आणि कमरेला किल्ली. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, माझी गाडी गेली. बॅटरीची."

"बॅटरी गेली की गाडी गेली?" मी विचारलं.

"दोन्ही गेलं. बॅटरी गाडीतच असते ना."

ठाण्यातले दोघं-तिघं हसले. मी रागानं त्यांच्याकडे पाहिलं, कारण मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं.

गाडी म्हणजे विजेवर चालणारा छोटा पिकअप टेम्पो. पुढे दोन माणसांची केबिन, मागे हौदा. वसई पूर्वेचा एक कारखाना बंद पडला, त्याची ही गाडी. कारखान्यानं तिचं पासिंग करून घेतलेलं होतं, म्हणून रस्त्यावर आणता येत होती. बाईंनी ती एका एजंटामार्फत जुनी घेतली. त्यांची वाडी होती. केळी, नारळ, भाजी आणि फुलं. भाड्याचे टेम्पोवाले आपल्या मर्जीनं यायचे आणि तोवर फुलं मान टाकायची. म्हणून बाई मोटर स्कूलमध्ये गाडी शिकल्या आणि हा टेम्पो दारात आणला. गावानं यथेच्छ चेष्टा केली. पहिल्याच खेपेला गाडी रेल्वेवरच्या पुलाच्या मध्यावर बसली आणि बाजारातल्या पोरांनी ढकलत आणली, तेव्हा तर विचारू नका. एजंटानं मेलेल्या बॅटऱ्या गळ्यात मारल्या होत्या. बाईंनी हातातल्या पाटल्या मोडल्या, सगळ्या बॅटऱ्या नव्या टाकल्या, आणि मग गाडी भरल्या हौद्यानं पूल चढू लागली. रोज गोठ्याजवळच्या प्लगवर चार्जिंग, आठवड्याला बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर. घरच्या दुभत्या जनावरासारखी त्यांनी ती ठेवली होती.

आता ती भर दुपारी अंगणातून गेली होती. बाई मागच्या विहिरीवर होत्या.

"आणि तुम्हाला आवाज आला नाही?" मी वकिलासारखी कडाडले.

"मॅडम, तिला आवाजच नाही. म्हणून तर माझी सकाळ शांत जायची."

बाईंची घरची अडचण मला हवालदारांनी सांगितली. बाईंचे यजमान वारलेले. वाडी त्यांच्या आणि धाकट्या दिरांच्या नावावर. दिरांना बिल्डरला जागा द्यायची होती, त्यासाठी बाईंची सही लागत होती. बाई देईनात. शेवटी घरच्या सगळ्यांसमोर ठरलं: पाडव्यापर्यंत बाईंनी वाडीचा माल स्वतः बाजारात पोचवून दाखवायचा. जमलं तर विषय बंद. नाही जमलं तर मुकाट्यानं सही करायची. टेम्पो गेला तेव्हा पाडवा तोंडावर आला होता.

एवढं कळल्यावर माझा तपास माझ्या मते संपलाच. मी म्हटलं, "वहिनी," (तोवर अख्खं ठाणं त्यांना वहिनी म्हणू लागलं होतं) "फिर्यादीत लिहू ना, दिरावर संशय?"

"नाही."

"अहो, फायदा त्यांचाच आहे."

"फायदा त्यांचा आहे, हे खरं. पण भावजी भांडखोर आहेत, चोर नाहीत. तसं लिहिणार असाल तर मी सही करणार नाही. सही न करण्याची सवय आहे मला."

तरी मी दिराला बोलावलं. ते पांढराशुभ्र सदरा घालून आले, खुर्ची पुसून बसले. मी छडी टेबलावर आपटली. ती घरंगळून खाली पडली आणि त्यांनीच ती उचलून मला परत दिली.

"त्या दिवशी दुपारी कुठे होतात?"

"चांदीपला, भाचीच्या साखरपुड्याला. जेवायला उशीर झाला म्हणून मी भांडलो. मांडवातल्या कोणालाही विचारा, सगळ्यांना आठवेल."

"गाडी नाहीशी व्हावी असं तुमच्या मनात आलं नाही?"

"रोज आलं, मॅडम. मनात येण्याला कलम आहे का?"

मी चांदीपला माणूस पाठवला. मांडवातल्या सगळ्यांना खरंच आठवत होतं. नवऱ्यामुलाच्या मामानं तर तक्रारच द्यायची तयारी दाखवली. दीर सुटले. जाताना मी त्यांना खडसावून सांगितलं, "तुमच्या वहिनींनी तुमचं नाव घातलं नाही म्हणून आज घरी चाललात." ते दारात थांबले, मग चपला घालून गेले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातला फोन वाजला आणि तो मीच उचलला. मागे वाऱ्याचा आवाज, कावळे. पुरुषाचा घाईचा आवाज: "तो पापडीचा बॅटरीचा टेम्पो... पान्यानं नेला." फोन बंद.

पान्यानं नेला! माझी कळी खुलली. पाना लावला, नटबोल्ट खोलले, सुटे भाग करून नेला. आवाज का आला नाही, कोणी बघितलं कसं नाही, सगळ्याचं उत्तर एका शब्दात. मी स्टेशन डायरीत स्वच्छ अक्षरात नोंद केली: 'सदर वाहन अज्ञात इसमाने पान्याच्या साहाय्याने सुटे करून लंपास केल्याची गुप्त खबर.' आणि जीप काढली.

त्यानंतर मी जो धुमाकूळ घातला, तो आठवला की आजही पदर तोंडाला लावावा लागतो. वसई आणि नालासोपारा पूर्वेची गॅरेजं, भंगारवाले, वेल्डिंगवाले, कोणी सुटलं नाही. संशयित म्हणून आणलेल्या पान्यांचा ठाण्यात ढीग लागला. मोठे साहेब, म्हणजे आमचे पोलीस निरीक्षक, दौऱ्यावरून परत आले आणि तो ढीग पाहून दारातच उभे राहिले.

"फौजदार, हार्डवेअरचं दुकान टाकताय?"

"तपास सुरू आहे, साहेब."

"अंगणात एक तरी नट सापडला का? एखादा वॉशर?"

"चोर सराईत आहे, साहेब."

"टेम्पोचा एकेक नट खोलून, दुपारी, बाई विहिरीवर आहे तेवढ्यात? त्याला सराईत नाही म्हणत. त्याला विश्वकर्मा म्हणतात."

वहिनी मात्र रोज यायच्या, बाकावर बसायच्या, काही न विचारता जायच्या. एकदा जाताना एवढंच म्हणाल्या, "भावजींनी कागद टाइप करून आणलेत. माझ्या नावापुढे सहीला जागा सोडलीय." त्या वाक्यानं मला पहिल्यांदा जरा घाम फुटला.

सोपाऱ्यातल्या एका गॅरेजवाल्यानं माझ्या तावडीतून सुटण्यासाठी सांगितलं, की कळंबला बोटीची इंजिनं दुरुस्त करणारा एकजण आहे, त्याच्याकडे पाने फार. मी आणि हवालदार कळंबला गेलो. हवालदार जळगावचे, आम्हा दोघांत खारं पाणी मीच जास्त पाहिलेलं, आणि तेही बदली झाल्यावर. भर उन्हाची वेळ होती. मेकॅनिक घरी नव्हता. त्याची सासू बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालत होती. मला बघून हात पुसत आली.

"काय गो बाय, उन्हाची कुठं फिरतंस? बस. पानी पी."

मी बसले, पेला घेतला, आणि आवाज शक्य तितका जाडा करून विचारलं, "जावई कुठे आहे तुमचा?"

"त्यो? त्यो पान्यानं गेलाय भाईंदरला. येल सांजच्याला."

कोणता पाना घेऊन, असं मी विचारणारच होते. प्रश्न ओठावर आणि पेलाही ओठावर. तिथेच ठसका लागला. असा लागला की डोळ्यांतून पाणी आलं आणि गॉगल वाळूत पडला.

"हलू पी गो!" म्हातारी पाठ थोपटत म्हणाली. "पानी पलून नाय जात."

"आजी," मी कसंबसं म्हटलं, "पान्यानं म्हणजे?"

"पान्यानं म्हंजी पान्यानं. होडीनं. रस्त्यानं गेला तर रस्त्यानं म्हनायचा, पान्यानं गेला तर पान्यानं. तुमच्यात काय म्हनतात?"

आमच्यात काय म्हणतात ते सांगण्यासारखं नव्हतं. हवालदार समुद्राकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. आणि हसण्यावारी न्यायची नाही अशी एक गोष्ट होती. आमच्या ठाण्यात याच किनाऱ्यावरचे दोन शिपाई होते. फोन त्यांच्यापैकी कोणी घेतला असता, तर त्याच मिनिटाला धक्का गाठला असता. पण त्यांनी फोन ऐकलाच नव्हता. त्यांनी वाचली होती माझी शुद्ध मराठीतली नोंद, आणि फौजदारबाईंनी लिहिलंय तर पानाच असणार, म्हणून बिचारे गॅरेजं पालथी घालत होते.

त्यानंतरचं काम मात्र मी मन लावून केलं, आणि ते सांगताना मला अजिबात लाज वाटत नाही. गॉगल खिशात घातला. खाडीचा एकेक धक्का पायी फिरले आणि सरळ विचारलं, "टेम्पो कोणी पलीकडे नेला?" लपवालपवी नव्हतीच. दोन होड्या एकमेकींना बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या, आणि जड सामान पलीकडे न्यायचं, हा तिथला नेहमीचा धंदा.

"आमी लग्नाचा मांडव नेला, बैल नेले," एक नाखवा म्हणाला. "दोघं आले, बोलले गाडी विकलीय, पलीकडं पोचवायचीय. किल्ली लावून गाडी फल्यांवर चढवली. मंग बाजारात कललं, चोरीची व्हती. मीच फोन केल्ता तुमाला."

"मग नाव का नाही सांगितलं?"

"पोलिसाला नाव सांगितला की पोलीस घरी येतो."

"आता आलेच ना मी?"

"आलात," तो म्हणाला, "पन लई फिरून."

किल्ली लावून. हा शब्द मी नाखव्याच्याच तोंडचा, जसाच्या तसा लिहिला. वहिनींची किल्ली तर त्यांच्या कमरेला. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "एजंट बोलला होता, दुसरी किल्ली कारखान्यातच हरवली."

एजंट मुरलेला होता. पांढरे बूट, पट्ट्याला मोबाइल, बोटांत खडे. त्याला दरडावून उपयोग नव्हता. तो दोन वकील घेऊन आला असता. शिवाय छडीचा माझा अनुभव ताजा होता. मी त्याला निरोप धाडला, मॅडमना गाडी घ्यायचीय, सल्ला हवाय. स्वारी हसत हजर. चहा मागवला. मी म्हटलं, "माझ्या भावाला गावाकडे जुनी बॅटरीची गाडी घ्यायचीय. पण लोक म्हणतात फसवणूक होते. तुम्ही पापडीला एक दिली म्हणे. ती कशी आहे?"

जुन्या गाड्या विकणाऱ्या माणसाला एक व्याधी असते. समोर गिऱ्हाईक बसलं की माल वाखाणल्याशिवाय त्याला राहवत नाही, मग तो माल कोणाचा का असेना.

"सोनं आहे, मॅडम, सोनं! भरला हौदा घेऊन पूल चढते. बॅटऱ्या काय सांगू, एकदम कोऱ्या, पिवळी झाकणं अशी चमकतात!"

मी चहाचा घोट घेतला. "पिवळी? तुम्ही विकलीत तेव्हा काळी होती ना?"

"काळी... हां, तेव्हा... म्हणजे पिवळी..."

"पिवळी वहिनींनी नंतर टाकली. सीट उचलल्याशिवाय दिसत नाहीत. तुम्ही सीट कधी उचललीत?"

त्यानं बशी टेबलावर ठेवली आणि दाराकडे पाहिलं. मेलेल्या बॅटऱ्यांची गाडी त्यानं विकली, बाईनं पदरचं घालून ती जिवंत केली, आणि मग त्याला ती पुन्हा विकावीशी वाटली. किल्ली ठेवलेलीच होती. एक माणूस बरोबर घेऊन गाडी आपणच नेली, असं त्यानं पंचांसमोर निवेदन दिलं, घरच्या कपाटातून किल्ली काढून दिली, आणि खाडीपलीकडच्या एका सुट्टीच्या बंगल्यावर आम्हाला घेऊन गेला. तिथे टेम्पो पाहुण्यांच्या बॅगा वाहत होता. आता तेही बंद झालं होतं, कारण चार्जिंग कसं करायचं ते तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच नाखव्यानं त्याच होड्यांवरून गाडी परत आणली, पान्यानंच. आम्ही सगळ्यांनी ढकलत ठाण्याच्या आवारात लावली. मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि पान्यांचा ढीग मालकांना परत करायला लावला, तोही माझ्याच हस्ते.

मला वाटलं, झालं. वहिनींनी सीट उचलली, बॅटऱ्यांत डोकावल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, ही कोर्टातून सुटेपर्यंत अशीच उभी राहणार?"

"मुद्देमाल आहे. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत इथेच."

"मग मेली. रिकाम्या बॅटऱ्या उभ्या राहिल्या तर परत धरत नाहीत. आता मोडायला पाटल्या पण नाहीत माझ्याकडे."

म्हणजे चोरानं न मारलेली गाडी आम्ही मारणार होतो. मी साहेबांकडे गेले.

"साहेब, मुद्देमाल चार्जिंगला लावायचाय."

"काय लावायचाय?"

"चार्जिंगला."

"फौजदार, मुद्देमाल जसा जप्त केला तसाच ठेवायचा असतो."

"तसाच ठेवला तर मरेल, साहेब."

"मुद्देमाल मरतो?"

"हा मरतो."

साहेबांनी डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "डायरीला नोंद घाला. आणि माझ्या खोलीच्या लाइनवर नको."

वहिनींनी घरून चार्जर आणला. पहिल्याच दिवशी फ्यूज उडाला, सगळे पंखे बंद, आणि साहेब रुमालानं मान पुसत बाहेर आले. त्यानंतर माझ्या दिवसपाळीत एक काम वाढलं. हजेरी, आरोपींची तपासणी, हत्यारांची मोजणी, आणि टेम्पोची वायर. भारनियमनाच्या वेळा पोलीस ठाण्यात माझ्याइतक्या कोणाला पाठ नव्हत्या. वहिनी डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन यायच्या आणि एकेका भोकात बेतानं पाणी घालायच्या. शिपाई म्हणायचे, "वहिनी, आम्हाला चहा नाही, आणि हिला पाणी!" आणि मग केळ्यांचा घड यायचा.

गाडी परत मिळावी म्हणून वहिनींनी केलेला अर्ज पाडव्याच्या आधी मॅजिस्ट्रेटसमोर आला. आम्ही हरकत घेतली नाही. कोर्टानं गाडी वहिनींच्या ताब्यात द्यायचं मान्य केलं. पण सुपुर्तनामा करायचा, म्हणजे बोलावतील तेव्हा गाडी हजर करीन असं लिहून द्यायचं, आणि त्यावर जामीनदार हवा. वहिनी एकट्याच आल्या होत्या. गावातल्या ज्यांनी येतो म्हणून सांगितलं होतं, त्यांतलं कोणी आलं नव्हतं. दिराशी वाकडं कोण घेणार? वहिनींनी मागे वळून पाहिलं. मी पाहिलं. मी सरकारी माणूस, मला जामीन राहता येत नव्हतं, आणि आयुष्यात त्याचा इतका राग मला कधी आला नाही.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून तो पांढराशुभ्र सदरा उठला.

"मी राहतो जामीन," दीर म्हणाले.

वहिनी थक्क झाल्या. "भावजी, तुम्ही? गाडी सुटली तर मी सही करणार नाही, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

"मग?"

"या मॅडम माझं नाव घाला म्हणून मागे लागल्या होत्या. तुम्ही घातलं नाही." त्यांनी क्लार्ककडे हात केला. "कुठं करायची सही? लवकर दाखवा, मला उशीर झाला की मी भांडतो."

त्यांनी सही केली. टेम्पो आम्ही कोर्टाच्या आवारात हजर ठेवला होताच. तिथे मग ते वकिलाशी फीवरून वाद घालत उभे राहिले, आणि त्यांच्या पाठीमागून टेम्पो सुरू होऊन फाटकाशी पोचला तरी त्यांना पत्ता नाही. वहिनींनी हॉर्न दिला. "भावजी, येताय की चालत येता?" ते धोतर सावरत धावले आणि हौद्यात चढले. पाडव्याच्या सकाळी मी बाजारात बंदोबस्ताला होते. झेंडू आणि केळी घेऊन टेम्पो पूल उतरून आला, बिनआवाजाचा. बिल्डरचा कागद त्यानंतर कोणी काढला नाही.

या प्रकरणानं मला एक शिकवलं, आणि ते मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आले. जबाब लिहिताना माणसाचा शब्द तसाच उतरवा. तो अशुद्ध वाटला, गावंढळ वाटला, तरी तसाच. आपण तो सुधारून लिहिला, की लिहिणारा हुशार दिसतो आणि खरी गोष्ट हातातून जाते. नवे फौजदार मान डोलावतात. त्यांच्या डोळ्यांवर गॉगल असतो.

नोकरीत माझ्या हातून मोठे गुन्हेही उघड झाले. दरोडे आहेत, खून आहेत, बक्षिसं आणि प्रशंसापत्रं आहेत, त्यांची नोंद माझ्या सेवापुस्तकात रीतसर आहे. पण पापडीच्या एका बाईच्या नावापुढे सोडलेली जागा कोरीच राहिली, त्यात माझा हात होता, याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा कशाचाच नाही.